साडेअकराचा मेसेज

गेल्या वर्षी पूर्वाला कावीळ झाली. लेक सव्वा महिना उकडलेल्या बटाट्यावर काढत असताना तिच्या आईने, म्हणजे तेजस्विनीने, वारज्यातल्या आमच्या सोसायटीकडून दोन गोष्टी करवून घेतल्या: खालच्या टाकीत क्लोरीन सोडायची सोय आणि गच्चीवरच्या टाकीत ते मोजणारा सेन्सर. क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की तेजस्विनीच्या फोनवर मेसेज येणार.

तो आला. रोज साडेअकराला, पेन्शनपेक्षा नियमित.

खालच्या टाकीत ०.५, वर ०.१. मधल्या चार मजल्यांत क्लोरीन कुठे उतरून जातं, कळेना. सेन्सरवाला म्हणाला, "सेन्सर ओके आहे, पाणी बघा." प्लंबर म्हणाला, "पाणी ठीक आहे, सेन्सर बघा." सव्वाअकरापासून तेजस्विनीचा हात फोनकडे जाऊ लागला. रोज सकाळी ती पूर्वाला खिडकीशी नेऊन तिचे डोळे बघायची.

"पांढरेच आहेत, आई. कालच्यासारखे."

त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या श्यामरावांनी ठराव आणला: रविवारच्या सभेत सेन्सर काढून टाकावा. "रोज बोंब मारतो आणि होत कुणाला काही नाही. असल्या यंत्राला निवृत्त करा." सह्या भराभर झाल्या.

शनिवारी तेजस्विनी सातलाच गच्चीवर जाऊन बसली. आठला श्यामराव आले. शिडीवर चढले, टाकीचं झाकण सरकवलं आणि उतरले.

"काका, हे काय?"

"पाण्याला ऊन देतोय." श्यामराव दचकलेसुद्धा नाहीत. "चहाला दवाखान्याचा वास येतो. दुपारपर्यंत उडून जातो. मग झाकण लावतो हो मी, बेशिस्त नाही."

"वासाबरोबर क्लोरीनही उडतं, काका. रोज करता हे?"

"सेन्सर बसल्यापासून. त्याआधी कुठे होता वास?"

"त्याआधी क्लोरीनच नव्हतं. पूर्वाला कावीळ झाली ती तेव्हाच."

श्यामरावांनी चष्मा पुसला, पुन्हा शिडी चढले आणि झाकण लावलं.

रविवारी त्यांनी ठराव मागे घेतला. कारण विचारल्यावर म्हणाले, "वैयक्तिक."

सोमवारीही साडेअकराला फोन गप्प. तेजस्विनी घरूनच काम करत होती, पण मन लागेना. पावणेबाराला ती गच्चीवर गेली. टाकीच्या झाकणावर श्यामराव छत्री उघडून, पेपर वाचत बसले होते. शेजारी थर्मास.

"काका, एवढ्या उन्हात?"

"कुणीतरी झाकण काढायचं. लोकांचा काय भरवसा?"

त्यांनी वरूनच चहाचा कप पुढे केला.

"घे. वास येतोय, म्हणजे ठीकच असणार."