मुक्या टॅबची शिकवणी

सन दोन हजार तेवीस, मे महिन्याचा अखेरचा आठवडा, ऋतू ग्रीष्म. नागपुरात नवतपा लागला होता. नवतपा म्हणजे वर्षातले सर्वाधिक तापलेले नऊ दिवस. त्या दिवसांत येथे माणसे दारे-खिडक्या लावून कूलरसमोर बसतात आणि एकमेकांना पाऱ्याचा आकडा सांगतात. त्यांपैकी तिसऱ्या दिवशी दुपारी माझा आवाज कायमचा गेला. त्यामुळे ‘मी टॅब बोलतो आहे’ असे म्हणण्याचा मला काटेकोर अर्थाने अधिकार नाही. तरीही आत्मवृत्तात तसा प्रघात आहे, आणि प्रघात उगाच मोडू नये, असे मी ज्या घरात राहतो त्या घराचे मत आहे. तेव्हा मी, प्रताप नगरातील इंदुताईंचा टॅब, बोलतो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखीच हजारो भावंडे माझ्यामागून त्याच पट्ट्यावरून आली. जन्मदात्यांच्या हातात पांढरे मोजे होते, एवढेच मला त्यांच्याविषयी सांगता येईल. पुढे इंदुताईंचे चिरंजीव पियूष यांनी पुण्यात बसून, बोटाच्या एका स्पर्शाने मला नागपूरला पाठवले. ही गोष्ट इंदुताईंना फार आवडली. “न पाहता, न ठोकता घेतलेली वस्तू धड निघाली,” असे त्या शेजारी सांगत असत. माझ्या स्तुतीची ती पहिली वेळ.

इंदुताईंचे वय बहात्तर. त्या सन एकोणीसशे सदुसष्टच्या मॅट्रिक. गणितात एकाहत्तर गुण होते आणि ते त्या अद्याप विसरलेल्या नाहीत. मॅट्रिक झाल्या त्याच वर्षी लग्न झाले. पुढे त्या गुणांचा उपयोग वाणसामानाच्या यादीपलीकडे झाला नाही. माझ्यावर त्या सकाळी वर्तमानपत्र वाचत. नातेवाइकांकडून येणारी फुलांची, सूर्योदयाची, सुविचारांची चित्रे त्या नियमाने पाहत आणि त्यांतील शुद्धलेखनाच्या चुका पाठवणाऱ्याला कळवत. त्यामुळे ती चित्रे पुढे बरीच कमी झाली.

मनुष्यजातीविषयी माझे मत एकंदरीत चांगले आहे. माणसे मोठ्या विश्वासाची असतात. तीस-तीस पानांच्या अटी न वाचता ‘मान्य आहे’ म्हणतात. संपर्क तुटला की मला दोन्ही हातांनी छताकडे उचलतात, जणू तो तिथून टपकणार आहे. दूरच्या मुलाशी बोलताना स्वतःचे केवळ कपाळ दाखवतात, आणि पलीकडचा मुलगा त्या कपाळाशी तितक्याच मायेने बोलतो. हजार मैलांवरचा माणूस आपल्या जेवणाच्या ताटाशेजारी बसवता यावा, ही सोय मला आजही चमत्कारासारखी वाटते. आणि तो चमत्कार माझ्याकडून घडतो याचा थोडा अभिमानही आहे.

आता माझ्या आवाजाविषयी. त्या दुपारी वीज दोनदा जाऊन आली होती. मी खिडकीजवळ चार्जिंगला होतो. इंदुताईंकडे दुपारचा स्वयंपाक करणाऱ्या दीपमालाने मला उचलले आणि लगेच टेबलावर ठेवले.

“काकू, हा तं इस्तरीवानी तापला!”

माझ्या काचेवर सूचना उमटली होती. इंदुताईंनी चष्मा लावून ती वाचली आणि मराठीत सांगितली. “‘यंत्र फार तापले आहे. वापरण्यापूर्वी थंड होऊ द्यावे.’ पाहा, स्वतः लिहून सांगते आहे.”

“मंग माठाले गुंडाळतो तसा ओला पंचा गुंडाळू का?”

“गुंडाळ. मात्र नीट पिळून घे.”

दीपमालाने पंचा नीट पिळला. तिच्या कामात कसूर नसते. मला त्यात गुंडाळून कूलरच्या झोतासमोर उभे केले. थंड हवेच्या कोणत्याही गावी असा प्रमाद झाला नसता. परंतु ज्या शहरात मे महिन्यात पाण्याच्या माठापासून मोटारीच्या सीटपर्यंत सर्व गोष्टींवर ओले कापड हाच उपचार आहे, तेथे मला वेगळी वागणूक का मिळावी? तासाभराने पंचा सोडला तेव्हा मी गार होतो, माझे चित्र स्वच्छ होते, आणि आवाज नव्हता. इअरफोनचे छिद्रही निकामी झाले होते.

पियूष फोनवर ओरडले, ते खोलीभर ऐकू आले. “आई, तो टॅब आहे, माठ नाही!”

“यंत्राने तशी लेखी विनंती केली होती,” इंदुताई शांतपणे म्हणाल्या.

धरमपेठेतील दुरुस्तीवाल्याने मला उघडून पाहिले आणि नवा घेण्याचा सल्ला दिला. इंदुताईंनी विचारले, “याला दिसते आहे ना?” तो म्हणाला, “दिसते.” “मग झाले तर,” असे म्हणून त्यांनी मला पिशवीत घातले. अशा घरात मी आहे.

जूनमध्ये दीपमालाची गोष्ट सुरू झाली. तिचे वय चौतीस. सकाळी ती एका नर्सिंग होममध्ये झाडलोट करते, दुपारी इंदुताईंकडे येते. नर्सिंग होममधील मोठ्या सिस्टरने तिला सांगितले होते की पुढच्या जूनमध्ये वॉर्डातील मदतनिसाची जागा रिकामी होईल. दीपमालाचा हात रुग्णांना लागला की ते शांत होतात, हे सिस्टरने पाहिले होते. अट एकच होती, दहावी उत्तीर्ण. दीपमालाची शाळा नववीत सुटली होती. म्हणजे एका वर्षात, एकाच प्रयत्नात तिला पास व्हायचे होते. नाहीतर जागा दुसरीला जाणार आणि तिच्या हाती झाडूच राहणार.

शाळेत न जाता परीक्षा देणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा अर्ज असतो. तो इंदुताईंनी माझ्यावर भरून दिला. दीपमालाने गणिताचे धडे शोधून काढले. एक तरुण सर हिरव्या फळ्यासमोर उभे राहून फुकट शिकवत होते. ही इंटरनेटची थोरवी मी मान्य करतो. ज्याला कोणी वर्गात घेत नाही, त्याच्यासाठी तेथे वर्ग कायम भरलेला असतो.

“काकू, सर तं नुसतं तोंड हलवून राहिले. आता काय करू?”

इंदुताई पेपर वाचत होत्या. त्यांनी वर पाहिले, आणि त्यांना बहुधा पंचा आठवला.

“फळा दिसतो आहे ना? आण इकडे. मी वाचते.”

अशा रीतीने दुपारी तीन ते साडेचार ही शिकवणी सुरू झाली. दीपमाला चित्र थांबवी. इंदुताई पट्टी धरून फळ्यावरील एकेक ओळ मोठ्याने वाचत आणि समजावून सांगत. माझा आवाज शाबूत असता तर दीपमाला स्वयंपाकघरात एकटी बसून ऐकत राहिली असती, आणि इंदुताई बैठकीच्या खोलीत एकट्या पेपर वाचत राहिल्या असत्या. आपल्या उणिवेविषयी इतके समाधान फार थोड्या यंत्रांना लाभत असेल.

अंकगणिती श्रेढी शिकताना गंमत झाली. इंदुताई सूत्र वाचत होत्या. दीपमाला म्हणाली, “हे तं आमच्या नर्सिंग होमच्या जिन्यावानी हाय. खालून बादली भरून पहिल्या मजल्यावर नेली का अठरा पायऱ्या. दुसऱ्याले छत्तीस, तिसऱ्याले चोपन्न, चौथ्याले बहात्तर. रोज एकशे ऐंशी पायऱ्या चढतो मी, काकू. उतरायच्या मोजतच नाई.”

इंदुताईंनी सूत्राने बेरीज केली. एकशे ऐंशीच आली. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि काही क्षण दीपमालाकडे पाहिले. “शाबास” हा शब्द त्या क्वचितच उच्चारतात. त्या दिवशीही उच्चारला नाही. परंतु चहात आले घातले.

सर्वांनाच हे रुचले नाही. शेजारच्या चंद्रकलाबाई विरजण मागायला येत आणि दारातच उभ्या राहत.

“काहून वं दीपमाला, सासू व्हायच्या वयात दहावी करून राहिली?”

“हाव नं. सासू झाल्यावर सुनेच्या चुका काढा लागते. त्याच्यासाठी आधी आपल्याले आलं पाहिजे नं.”

चंद्रकलाबाई विरजण न घेताच गेल्या.

खरी अडचण डिसेंबरात आली. इंदुताईंनी चाळीस गुणांची चाचणी घेतली आणि लाल शाईने तपासली. दीपमालाला बारा मिळाले. प्रत्येक चुकीपुढे शेरा होता. एकाही बरोबर उत्तरापुढे नव्हता. दीपमालाने पेपर घडी करून कमरेला खोवला.

“नाई होत माझ्यानं. तुम्ही उगाच घसा दुखवून राहिल्या. मी आपल्या पोळ्याच करतो, तेच बरं.”

त्यानंतर चार दिवस ती आली, स्वयंपाक केला आणि गेली. मला कोणी उघडले नाही. इंदुताई तीन वाजता त्याच खुर्चीवर बसत आणि साडेचारला उठत. त्यांना समजूत घालता येत नाही. आयुष्यात कोणी त्यांची चूक दाखवली तर त्या ती सुधारत. समजूत त्यांनी कधी मागितली नव्हती, म्हणून ती द्यायची कशी हे त्यांना ठाऊक नव्हते.

चौथ्या दुपारी त्यांनी मला उघडले. सांख्यिकीचा धडा लावला. हा विषय त्यांच्या मॅट्रिकला नव्हता. मध्यक काढण्याचे एक उदाहरण त्यांनी फळ्यावरून वहीत उतरवून घेतले, पाऊण तास सोडवले, मग पुस्तकातील उत्तराशी ताडून पाहिले. उत्तर चुकले होते. त्यांनी लाल पेन घेतले, आपल्याच उत्तरावर रेघ मारली, समासात ‘४ पैकी ०’ लिहिले आणि खाली सुवाच्य अक्षरात शेरा दिला, ‘काळजीपूर्वक सोडवावे.’ वही उघडी ठेवून त्या आत गेल्या. मुद्दाम ठेवली की विसरल्या, हे मी सांगू शकत नाही. त्या सहसा विसरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी टेबल पुसताना दीपमालाने ती वही पाहिली.

“काकू, हा कोनाचा पेपर हाय?”

“माझा.”

“चारपैकी शून्य?”

“उत्तर चुकले. मग किती देणार?”

दीपमाला फडके खांद्यावर टाकून खाली बसली. तिने मला उघडले, धडा मागे नेला, थांबवला, पुन्हा मागे नेला. “हे पाहा. सर बोटानं वरचा डबा दाखवून राहिले. आधीच्या वर्गाची बेरीज घ्या लागते इथं. तुम्ही ह्याच वर्गाची घेतली.”

आवाज नसल्यामुळे सहा महिने ती सरांचे हात पाहत आली होती. इंदुताईंनी आकडा बदलला. उत्तर आले.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून सांख्यिकी तू मला शिकव. चाचणी मात्र मीच घेईन.”

“आणि बरोबर आलं तं तेबी लिहा लागीन लाल शाईनं.”

इंदुताईंनी विचार केला. “मान्य,” त्या म्हणाल्या. तीस पानांच्या अटींना माणसे जो होकार देतात, त्याहून हा होकार मला अधिक विचारपूर्वक वाटला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. बीजगणिताच्या दिवशी इंदुताई रिक्षाने केंद्रापर्यंत गेल्या आणि फाटकाबाहेर पालकांच्या रांगेत दोन तास उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारचे सर्व पालक दीपमालाच्याच वयाचे होते, असे त्यांनी घरी आल्यावर पियूषना सांगितले.

माझे आता थोडेच दिवस उरले आहेत. बॅटरी दुपारपर्यंत जेमतेम टिकते. नवे अ‍ॅप मला पेलत नाही. माझी वाचकांना विनंती आहे की घरातील एखादे यंत्र अर्धे बिघडले तर ते टाकण्यापूर्वी त्याचे उरलेले अर्धे कोणाच्या उपयोगी पडेल, हे एकदा पाहावे.

सन दोन हजार चोवीसच्या मे महिन्यातील शेवटचा सोमवार. निकाल दुपारी एक वाजता लागणार होता. दीपमाला साडेबारापासून माझ्यासमोर होती. विरजण नेण्याच्या निमित्ताने आलेल्या चंद्रकलाबाईही आज आत येऊन बसल्या. एक वाजता संकेतस्थळ उघडेना. महाराष्ट्रभर लाखो बोटे एकाच दारावर टकटक करत होती. माझ्या काचेवरचे चाक फिरत राहिले. एक वाजून बावीस मिनिटांनी पान उघडले. त्यात दोन चौकटी होत्या, एक आसनक्रमांकाची, दुसरी आईच्या नावाची.

“हे काहून विचारते?”

“नियम आहे. लिही.”

दीपमालाचे बोट हवेतच राहिले. “माय अंगठा लावत होती, काकू. ते बिमार होऊन दवाखान्यात पडली, म्हणून तं मी शाळा सोडली. तिचं नाव कोनी लिहूनच नाई घेतलं कधी. तुम्हीच अर्जात लिहिलं तेवढं.”

मला अक्षरे आपोआप सुचतात. एक अक्षर टाकले की मी पुढचा शब्द पुढे करतो. हे नाव मला सुचले नाही. दीपमालाने एकेक अक्षर स्वतः शोधून लिहिले, पार्बता.

पान पालटले. सर्व विषयांत उत्तीर्ण. गणितात शंभरपैकी त्रेचाळीस.

चंद्रकलाबाई प्रथम बोलल्या. “पोट्टीनं केलं वं बाई!” आणि पदराने डोळे पुसू लागल्या.  दीपमालाने दोन्ही तळवे माझ्या काचेवर टेकवले, त्यामुळे निकाल कोणालाच दिसेना.

इंदुताईंनी तिचे हात हळूच बाजूला केले, चष्मा सारखा केला आणि निकाल पहिल्या ओळीपासून वाचला. “सत्तावन्न गुण कोठे गेले, ते नंतर पाहू,” त्या म्हणाल्या. मग कपाटातून लाल पेन आणले, डिसेंबरापासूनच्या त्या वहीच्या शेवटच्या पानावर त्रेचाळीस लिहिले आणि पुढे ‘शाबास’ असा शेरा देऊन खाली तारीख घातली.

दीपमालाने निकालाचे चित्र मोठ्या सिस्टरला पाठवले. दोन खुणा उमटल्या. दोन्ही निळ्या झाल्या. तिघीही माझ्यावर वाकून बसल्या होत्या. पाच मिनिटांनी उत्तर आले, ‘शनिवारपासून वॉर्डात ये. गणवेश शिवायचा आहे, आजच माप पाठव.’

इंदुताईंनी शिवणाच्या डब्यातून टेप काढली. दीपमालाला उजेडात उभे केले, पाठ ताठ करायला लावली आणि मोठ्याने आकडे सांगू लागल्या. खांदा चौदा. बाही सात. उंची बेचाळीस. चंद्रकलाबाई एका बोटाने ते माझ्यावर टिपत गेल्या. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माप रवाना झाले, आणि वर्षभराचा प्रश्न त्या सोमवारी मिटला. वाचकहो, माझ्या बॅटरीत तीन टक्के उरले आहेत. तेवढ्यात आपला निरोप घेतो.