नुसतं बघतो हं

मित्रांनो, दवाखान्यात हिरव्या पडद्याआड तपासणीची एक जुनी खाट असते, तीच मी. नाकं मुरडू नका. माझं हाड सागवानी आहे. हल्लीच्या लोखंडी खाटांसारखी मी अंगावर माणूस आला की करकरत नाही. सुताराने रंधा मारमारून मला गुळगुळीत केलं, वर काळं रेक्झिन ताणून बसवलं, आणि मी या खोलीत आले ती आजतागायत.

डॉक्टरांच्या हाताला यश होतं. लांबलांबून माणसं यायची, त्यांना दुवा द्यायची, आणि त्यातलं चिमूटभर कौतुक माझ्याही वाट्याला यायचं. पण पोरांशी बोलायला डॉक्टरांना फुरसत नसे. रीत ठरलेली. आईने पाय धरायचे, दवाखान्यातल्या मावशीने हात, आणि "नुसतं बघतो हं" म्हणत सुई टोचून मोकळं व्हायचं.

आयाही काही कमी नव्हत्या. घरून निघताना खरं सांगतील तर शपथ! एक पोर होती, एका जागी ठरत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिच्या काखेत गळू झालं. आई म्हणाली, "चल, लाल रिबीन घेऊ तुला." रिबीन राहिली दुकानात आणि पोर आली माझ्यावर.

"नुसतं बघतो हं," डॉक्टर म्हणाले, आणि गळू फोडलं.

ती रडली नाही. आईकडे एकटक बघत राहिली. ती नजर माझ्या लाकडात मुरली. अजूनही दुपारी दवाखाना बंद असला, पंखा थांबलेला असला, की पडद्यामागे कुणीतरी हळूच म्हणतं, नुसतं बघतो हं. सागवान असून मी दचकते.

अशा पोरींच्या पुढे बायका झाल्या. सासूला खोकला झाला की धावत घेऊन यायच्या. स्वतःचं दुखणं मात्र "मला काय धाड भरलीय" म्हणून अंगावर काढायच्या. त्यातली एक कपडे शिवणारी. तपासायला कधी फिरकली नाही. शेवटी चौघांनी उचलून तिला माझ्यावर ठेवलं, तेव्हा तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

डॉक्टर गेले. आता त्यांची सून इथे बसते, तीही डॉक्टर. परवा भिंगरी म्हाताऱ्या आईला घेऊन आली. स्वतः पडद्याच्या पलीकडेच थांबली. म्हातारी म्हणाली, "माझं राहू द्या. हिच्या छातीत गाठ आहे. कधीची लपवून बसलीय."

"आई, गप्प बस."

"अगं, मॅडम नुसतं बघतील..."

"आणि रिबीन? ती नाही घेऊन देणार?"

म्हातारीचं तोंड एवढंसं झालं.

सूनबाईंनी घाई केली नाही. "ताई, मी फक्त हाताने तपासणार. दाबलं की थोडं दुखेल. तुम्ही 'थांबा' म्हणालात की हात काढते."

"खरंच काढाल?"

"'थांबा' म्हणून तर बघा."

भिंगरी आडवी झाली. अंग ताणलेल्या दोरासारखं ताठ. हात टेकताच म्हणाली, "थांबा." हात निघाला. पुन्हा टेकला. "थांबा!" पुन्हा निघाला. मग आपणहून हात डोक्याखाली घेऊन म्हणाली, "हं. आता बघा."

तपासून झालं. आता 'काही नाही हो' ऐकू येणार, असं मला वाटलं. सूनबाई म्हणाल्या, "गाठ आहे. कशाची, ते सुईने तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. ती सुई दुखते."

"दुखते म्हणालात ना," भिंगरी बटणं लावत म्हणाली, "मग जाते उद्या."

"मी येऊ?" म्हातारीने विचारलं.

"ये. पण माझे पाय धरायचे नाहीत."

मित्रांनो, गाठ कशाची निघाली ते मला ठाऊक नाही. खाटेला कोण येऊन सांगतं? पण तुम्हाला एक बजावते. उद्या तुमच्या कडेवर लेकरू येईल. त्याला दवाखान्यात नेताना दवाखान्याचंच नाव घ्या, आणि दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांगा. रडेल ते. रडू दे. रडून गेलेली पोरं पुन्हा येतात. न रडता गेलेल्या कितीतरी पोरींची मी अजून वाट बघते आहे.