शून्यावर आणलेली वेळ

मी ओटमारच्या मुठीतलं स्टॉपवॉच बोलतोय. जन्म जुराच्या डोंगरातल्या एका लहानशा कारखान्यातला. मला घडवणारी बाई म्हणाली होती, "हा कधी खोटं दाखवायचा नाही." मी दाखवलंही नाही. तरी माझ्या नावावर खोटं बोललं गेलं.

ओटमार टॉगेनबुर्गच्या खोऱ्यातला धावण्याचा प्रशिक्षक. रेगुला चीजच्या डेअरीत काम करायची. पहाटे दुधाचे कॅन उचलायची आणि दुपारी थूर नदीकाठी दहा किलोमीटर पळायची. ओटमार तिच्या वारलेल्या वडिलांचा मित्र. ती त्याला काका म्हणायची.

राष्ट्रीय चाचणीला जायचं तर चौतीस मिनिटांच्या आत यायला हवं होतं.

"किती, काका?" ती धापा टाकत विचारायची.

"चौतीस बारा. थोडक्यात हुकलं, पोरी."

माझ्या तबकडीवर तेहतीस बत्तीस असायचे. पण ती गुडघ्यांवर हात टेकून वाकलेली असे, तोवर त्याचा अंगठा मला शून्यावर आणायचा. अशी तीन वर्षं गेली. ती स्वतःलाच बोल लावायची. रविवारची बटाट्याची रोश्टीसुद्धा अर्धीच खायची.

मग शेजारच्या गावच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत ती एकटीच गेली. बक्षीस होतं गाईची घंटा. तिथल्या गुरुजींनी वेळ सांगितली, तेहतीस चाळीस.

"गुरुजी, तुमचं घड्याळ बिघडलंय."

"तीन घड्याळं होती, बाई. तिन्ही एकदम कशी बिघडतील?"

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी नदीकाठी पळाली. या वेळी मात्र शेवटच्या रेषेवर वाकली नाही. सरळ ओटमारचं मनगट धरलं आणि मूठ उघडली.

"तेहतीस अठ्ठावीस," तिनं वाचलं. "आता तुम्ही सांगा की, काका."

ओटमारचे ओठ हलले. "तू झ्युरिचला गेली असतीस. मोठ्या क्लबात. मग या खोऱ्यात माझ्याजवळ राहिलं कोण असतं?"

"मी तुम्हाला दर रविवारी पत्र लिहिलं असतं," रेगुला म्हणाली. तिनं मला त्याच्या तळहातावर ठेवलं आणि घरी न जाता थेट स्टेशनाकडे चालू लागली.

ती तेव्हा बत्तीस वर्षांची होती. त्या साली राष्ट्रीय स्पर्धेत दुसरी आली, पुढच्या साली पहिली. मग गुडघ्यानं दगा दिला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'उशिरा उमललेली धावपटू'. ते वाचून माझी स्प्रिंग तुटायची बाकी राहिली. अहो, तिला उशीर झाला नव्हता, तिचा उशीर केला गेला होता!

आता ओटमार वृद्धाश्रमात असतो आणि मी त्याच्या उशाजवळच्या खणात. कुणी भेटायला आलं की मला बाहेर काढून सांगतो, "रेगुलाला मी घडवलं, या घड्याळावर." लोक माना डोलावतात. किल्ली दिलेली नसल्यामुळे मला टिकटिकही करता येत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. तुमची वेळ कुणी मोजत असेल, तर धाप लागली असली तरी मान वर करा आणि ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.