सतरा वेळा हरवलेली टेप

थोरल्या जाऊबाई कापडावर खडू फिरवायला लागल्या की गिऱ्हाइकंसुद्धा श्वास रोखून धरतात. तीस वर्षं आमच्या शिवणाच्या दुकानात त्या कापतात, मी शिवते. तर या बाईंनी एका सोमवारी कोटाचं कापड न कापताच परत केलं. "आता माझ्याच्यानं नाही व्हायचं," म्हणाल्या. "डोकं साथ देत नाही."

महिनाभर त्यांची मापाची टेप हरवत होती. मिळायची बटणांच्या डब्यात, नाहीतर अस्तरांच्या ढिगात. त्यांची आई शेवटी शेवटी लेकीलाच विचारायची, "बाई, तुम्ही कोण?" त्यामुळे टेप सापडली तरी जाऊबाईंचा चेहरा काही जागेवर यायचा नाही.

नणंदेची लेक आमच्याकडे राहून मानसशास्त्र शिकते. त्याच संध्याकाळी ती तोंड पाडून माझ्यापुढे उभी.

"मामी, माझा प्रबंध कॉलेजच्या नैतिकता समितीनं परत पाठवलाय."

"लिहिलंस तरी काय?"

"वस्तू सापडेना की माणूस ती कशी शोधतो, ते." मग खाली बघून, "टेप मी हलवत होते. सतरा वेळा."

माझं मशीन आपोआप थांबलं.

"मला वाटलं, माणसांवरचे प्रयोग तपासणारी ही समिती औषधवाल्यांसाठी असते. मी कुठं कुणाला सुई टोचली?"

"सुया आम्ही टोचतो गं, त्याही कापडाला. विचारायचं तरी त्यांना!"

"विचारलं असतं तर त्या सहज वागल्या नसत्या."

"आता वागतायत का सहज? काम सोडलंय त्यांनी!"

पोरीचा रंगच उडाला. तिच्या वहीत शोधायला लागलेली मिनिटं होती, सेकंदांसकट. जाऊबाईंची उडालेली झोप तिला कुणी सांगितलीच नव्हती, आणि तिनंही विचारली नव्हती.

समितीनं बजावलं होतं: आधी बाईंना सगळं खरं सांगा, वहीतली पानं प्रबंधात वापरायची की फाडायची, ते त्या ठरवतील. पोरगी संमतीपत्र घेऊन जाऊबाईंकडे गेली. मीही गेले; असा तमाशा कोण सोडतं?

जाऊबाईंनी सगळं ऐकलं. "म्हणजे मी ठीक आहे?" त्यांनी विचारलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना डोळे पुसले आणि पोरीच्या पाठीत असा धपाटा घातला की तो मलाच बसल्यासारखा वाटला. मग पोरीला तसंच उभं ठेवून त्यांनी कोटवाल्याला फोन लावला. कापड परत मागवलं. वर त्यालाच झापलं, "मी दिलं म्हणून न्यायचं होय?"

नंतर चष्मा लावून बसल्या आणि संमतीपत्र ओळ न ओळ वाचलं, कापडातली खोट शोधावी तसं.

"छान लिहिलंय," म्हणाल्या.

पोरीनं लगबगीनं पेन पुढे केलं. "मग करता सही, मोठी मामी?"

"नाही."

"नाही? अहो, महिन्याची मेहनत आहे! का पण?"

जाऊबाईंनी कागदातल्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाच. मोठ्यानं."

"नकार देताना... कारण सांगण्याची... गरज नाही."

"पुन्हा," जाऊबाई म्हणाल्या. "अजून सोळा वेळा."