दहा किलो जास्त

बुधवार, दिनांक १४ ऑक्टोबर. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. विमानाच्या हँगरच्या फरशीवर खडूने आखलेल्या चौकोनात नऊ पिशव्या मांडलेल्या होत्या आणि मास्तर त्या चौथ्यांदा मोजत होते.

नऊच होत्या. पहिल्या तीन वेळाही नऊच भरल्या होत्या. तरी मास्तरांनी प्रत्येक पिशवीला बोट लावले, ओठ हलवले, मग दाराशी जाऊन बाहेरच्या खांबावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी पाहिली. ती मरगळून लोंबत होती. ते परत आले, विमानाच्या पंखावरचे पेट्रोलचे झाकण दाबून पाहिले, घड्याळ पाहिले आणि पुन्हा दाराशी गेले.

"अहो, वाऱ्याला सुचू द्या जरा," घडीच्या खुर्चीत नकाशा मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "तुम्ही असे डोळे वटारून बघत राहिलात तर तो बिचारा वाहायचाच नाही."

मास्तर तंत्रविद्यालयाच्या मोजमाप प्रयोगशाळेत एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झाले होते. वय सदुसष्ट. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी विद्यार्थ्यांना रडकुंडीला आणणारे म्हणून ख्याती. विमान छोटेसे, दोन आसनांचे, मेहुण्यांशी भागीदारीतले. या विमानाने देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक हजार आठशे साठ किलोमीटर, तीन टप्प्यांत आणि दोन दिवसांत जायचे, हा बेत अकरा वर्षांपूर्वी ठरला होता. मग एका वर्षी रेडिओ बदलायचा राहिला, एका वर्षी चाके, एका वर्षी नकाशांची नवी आवृत्ती निघायची होती. तयारी म्हणून कधी पुरी झाली नाही. यंदा मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितले होते, की वैमानिकाचे आरोग्यपत्र एकतीस तारखेला संपते आणि पुढचे काही मी देऊ शकणार नाही. म्हणजे याच महिन्यात, नाही तर कधीच नाही.

आणि जायचे ते दोघांनी. वाट दाखवण्याचे काम त्यांच्या पत्नीकडे, बाईंकडे, होते. अकरा वर्षांत त्यांनी सगळ्या वाटेचे नकाशे रंगवले होते, रेडिओवर कसे बोलायचे ते शिकून घेतले होते; कोणत्या नदीला डावीकडे ठेवायचे, कोणता रेल्वेचा पूल कितव्या मिनिटाला दिसायला हवा, हे त्यांना तोंडपाठ होते. प्रत्यक्षात त्या या विमानात एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त कधी बसल्या नव्हत्या. खरे बसणे त्या लांबच्या सफरीतच, असे मास्तरच म्हणत आले होते.

साडेसहाला मेहुणे आले. बाईंचे धाकटे भाऊ, व्यवसायाने दातांचे डॉक्टर. आज त्यांनी जमिनीवर राहून फोनवर हवामान कळवत राहायचे, अशी वाटणी होती.

"काय भाऊजी, झोप लागली का, की तीसुद्धा मोजून घेतलीत?"

"पाच तास वीस मिनिटं," मास्तर म्हणाले आणि आपण थट्टेला उत्तर दिले हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. "पाकीट आणलंस?"

मेहुण्यांनी खिशातून चिकटवलेले पाकीट काढले. असे एक बाईंच्या पर्समध्ये होते आणि एक मास्तरांच्या फायलीत. ही मास्तरांची पद्धत. प्रयोगशाळेत त्यांचा दंडक असे, की एकाने घेतलेले माप दुसऱ्याने पाहायचे नाही. नाही तर दुसऱ्याचा डोळा पहिल्याच्या आकड्याकडे ओढ घेतो. तोच दंडक त्यांनी विमानाच्या वजनाला लावला होता. नवा रंग दिल्यावर रिकामे विमान चाकांखाली तीन काटे ठेवून मेहुण्यांनी तोलले. सामान बाईंनी घरी तोलले. माणसे आणि पेट्रोल मास्तरांकडे. तिघांनी आपापला आकडा पाकिटात घालून बंद केला होता. पाकिटे उघडायची ती आज, उड्डाणाच्या दिवशी, सगळ्यांसमक्ष.

विमानाला स्वतःच्या वजनासकट सहाशे किलोच्या वर उचलायची परवानगी नव्हती. तीन महिन्यांपूर्वी मास्तरांनी अंदाजाने केलेली बेरीज पाचशे पंच्याऐंशीच्या आसपास आली होती, तेव्हा काळजी कुणालाच नव्हती.

पाकिटे उघडली. विमान तीनशे पासष्ट. मास्तर सत्त्याहत्तर, बाई चौसष्ट. पूर्ण टाकी पेट्रोल बहात्तर. सामान बत्तीस.

मास्तरांनी बेरीज केली. खालून वर केली. मग वरून खाली केली.

"सहाशे दहा."

"दहा जास्त?" मेहुणे म्हणाले. "दहा किलोंनी काय होतंय? गाडीत आपण सहा जण कोंबून—"

"गाडी खड्ड्यात गेली तर धक्का मारता येतो," मास्तर कडाडले. "चार हजार फुटांवर कोण येणार आहे धक्का मारायला? तू?"

मग जे सुरू झाले त्याला काटछाट म्हणतात. पेट्रोल कमी करता येत नव्हते. पहिला टप्पा सहाशे चाळीस किलोमीटरचा, वाटेत डोंगर आणि मधे कुठेही पेट्रोल नाही. सामानात दोरखंड, खुंट्या, विमानाचे आच्छादन, तेलाचे डबे, हत्यारे, पाणी, गरम कपडे. बाईंनी एकेक पिशवी उपसली. जास्तीचा स्वेटर काढला, थर्मास काढला, मास्तरांची पुस्तके त्यांच्या देखत बाजूला ठेवली. सगळे मिळून जेमतेम तीन किलो भरले.

मास्तर येरझाऱ्या घालू लागले. नाकापासून शेपटीपर्यंत अकरा पावले, परत अकरा. त्यांच्या हिशेबाने डोंगर अकराच्या आत ओलांडायला हवा होता, कारण दुपारी तिथे ढग साचतात. म्हणजे साडेआठला चाके जमिनीवरून सुटली पाहिजेत. सात वाजून पाच मिनिटे झाली होती. रंगच जड निघाला, ते पुटपुटले. दोन हात पुरे म्हणत होतो, तिसरा कशाला मारला? त्यांनी विमानाच्या पोटावरून नखाने ओरखडा काढून पाहिला, जणू तिथून सात किलो निघून येतील.

बाई नकाशाच्या घड्या घालत होत्या. मोठ्या घडीत लहान, लहानात त्याहून लहान. घातलेली घडी त्या बोटाने पुन्हा पुन्हा दाबत होत्या.

"तुम्ही एकटे जा," त्या म्हणाल्या.

मास्तर थांबले.

"मी उतरले की झालं ना? चौसष्ट किलो एकदम मोकळे. पुस्तकंसुद्धा न्या मग." बाई हसल्या, पण ते हसू ओठांपुरतेच होते. "नकाशावर मिनिटं लिहिलेली आहेत. पुलापाशी चुकायला होतं, तिथे दोन रूळ फुटतात, उजवीकडचा धरायचा. लिहून देते."

"ताई, काहीतरीच काय!" मेहुणे म्हणाले.

 'नको' हा शब्द मास्तरांच्या जिभेवर होता. पण समोर सहाशे दहा हा आकडा होता, आणि आकड्यापुढे मन घालायचे नाही हेच त्यांनी एकतीस वर्षे शिकवले होते. त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ बाईंना कळला. त्यांनी पेन्सिल काढली आणि पुलाच्या खुणेशी लिहायला घेतले.

दोन ओळी लिहून त्या थबकल्या.

"एक सांगू? रागावू नका."

"काय?"

"सामान बत्तीस नाही. साडेसत्तावीस आहे."

"म्हणजे?"

"प्रत्येक पिशवीला मी अर्धा किलो जास्त लिहिलाय. नऊ पिशव्या, साडेचार किलो. तुम्ही आयत्या वेळी काहीतरी घुसवताच. मागच्या खेपेला पान्हे घुसवले होते की नाही? म्हटलं, आधीच जागा धरून ठेवावी."

मास्तरांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी प्रयोगशाळेतला काटा वाकवून ठेवला होता. "अर्धा किलो? मनाने?"

"अंदाजाने."

"अंदाज! माझ्या घरात!"

मेहुणे खदाखदा हसले. मग हसता हसता त्यांचा आवाज बारीक झाला आणि ते खिशातली डायरी चाळू लागले. बाईंनी ते पाहिले. धाकट्या भावाच्या तोंडावरचे हे भाव त्यांना लहानपणापासून ओळखीचे होते.

"काय केलंस?"

"मी काही केलं नाही. फक्त... पुढचं चाक एकाहत्तर होतं. मी पंच्याहत्तर लिहिलं."

"आणि मागची?"

"दोन्ही एकशे एक्केचाळीस. एकशे पंचेचाळीस लिहिली. पाचाच्या पटीत बरी दिसतात, भाऊजी. आणि खरं सांगू का, माझा हातच तसा. पेशंटला मी नेहमी दुखणार असेल त्यापेक्षा जास्त दुखेल म्हणून सांगतो. मग कमी दुखलं की तो खूश."

"विमान काय तुझ्या खुर्चीत आ करून बसलंय?" मास्तरांचा आवाज हँगरच्या पत्र्याला जाऊन आपटला. "बारा किलो! एकाने साडेचार, एकाने बारा! अरे, माप म्हणजे काय वाटलं तुम्हाला? जे आहे ते लिहायचं. कमी नाही, जास्त नाही. मी हिला इथे ठेवून निघालो असतो, कळतंय का?"

"मग आता बसलं ना सहाशेत?" बाई म्हणाल्या. "वजा केलं की पाचशे साडेत्र्याण्णव."

"कशातून वजा? या कागदांवर आता माझा विश्वास नाही. सगळं परत तोलायचं."

"आणि साडेआठ?"

 मास्तर काटे आणायला निघालेसुद्धा होते.

तिघांनी टाकीतले पेट्रोल कॅनमध्ये काढले आणि रिकामे विमान ढकलून काट्यांवर चढवले. या वेळी मास्तरांनी दंडक बदलला. प्रत्येक काटा तिघांनी वाचायचा आणि मोठ्याने बोलायचा. एकाहत्तर, एकशे एक्केचाळीस, एकशे एक्केचाळीस. तीनशे त्रेपन्न. सामान साडेसत्तावीस. पेट्रोल तोलून परत काठोकाठ भरले, बहात्तर. मेहुण्यांना घाम फुटला. मास्तर घड्याळ पाहत नव्हते, पण त्यांचा डावा हात दर मिनिटाला मनगट वर करून पुन्हा खाली येत होता.

"माणसं," मास्तर म्हणाले आणि बुटांसकट काट्यावर उभे राहिले.

"चौऱ्याहत्तर," तिघेही म्हणाले.

बाई उभ्या राहिल्या, बूट आणि स्वेटर घालून.

"एकसष्ट."

 बाईंनी फरशीवरचा मास्तरांच्या अक्षरातला कागद उचलला आणि चष्मा नाकावर ओढला.

"यात मी चौसष्ट कशी?"

"कपडे आणि बूट धरायचे असतात. माणशी तीन. तसा नियम आहे."

"नियम उघड्या माणसाला असेल. तुम्ही मला परवा उभं केलंत ते याच बुटांत. हाच स्वेटर होता."

मास्तरांनी कागद हातात घेतला. वजनाच्या रकान्यात बारीक अक्षरात 'कपड्यांसह' असे त्यांनीच लिहिले होते, आणि खालच्या ओळीत 'कपडे व बूट : अधिक तीन' हेही. सुंदर, सुवाच्य, रेघेला टेकलेले अक्षर.

"तीन मी, तीन तुम्ही. सहा," बाई म्हणाल्या. "बाकी माझ्यावर ओरडताना गळा चांगला मोकळा झाला हं तुमचा."

"भाऊजी, दुखलं का?" मेहुण्यांनी गंभीरपणे विचारले. "मी जास्त सांगितलं होतं ना, मग कमीच दुखलं असेल."

मास्तर हसले नाहीत. ते खुर्चीत बसले, सकाळपासून पहिल्यांदाच. एकाच मापाला तीन वाचक हवेत, म्हणून तो दंडक होता. आपण तीन मापांना एकेक वाचक दिला आणि वर पाकिटे चिकटवली. शिवाय तिघांनी जे वाढवले ते एकमेकांच्या काळजीने वाढवले, आणि त्याच काळजीच्या ओझ्याखाली एक माणूस उतरवून ठेवायची पाळी आली. रेडिओ, चाके, नकाशांची आवृत्ती... अकरा वर्षे आपण नेमके हेच करत होतो की काय, या प्रश्नाजवळ ते आले आणि तिथून उठून उभे राहिले. बसून विचार करणे त्यांना जमत नसे.

आठ एकोणतीस झाले होते.

"गेलं साडेआठ," ते म्हणाले.

"हे साडेआठ कुणाचं?" बाईंनी विचारले. "हवामान खात्याचं, की तुमचं?"

 हवामान खात्याने ढगांची वेळ दुपारी बाराची दिली होती. अकरा हे मास्तरांचे स्वतःचे होते.

"अंदाजाने बोलायचं नाही," मास्तर म्हणाले. "फोन लाव. आत्ताचं काय आहे ते विचार. आणि मोठ्याने बोल, आम्हाला दोघांनाही ऐकू दे."

मेहुण्यांनी फोन लावला. डोंगरावरच्या केंद्रातल्या माणसाने खिडकीतून पाहून सांगितले, की माथे स्वच्छ आहेत, वारा मंद आहे आणि साडेबारापर्यंत तरी ढगाचे चिन्ह नाही. मास्तरांनी त्याला ते पुन्हा सांगायला लावले. मग त्यांनी जुना कागद चार घड्या करून फायलीत ठेवला, नवा काढला आणि तिघांच्या सह्या घेतल्या.

बाई आधी आत शिरल्या. त्यांनी नकाशा मांडीवर उलगडला. पुलापाशी लिहिलेल्या दोन ओळी रबराने खोडल्या आणि भुकटी खिडकीतून झटकली.

"पुस्तकं?" मेहुण्यांनी फरशीवरून विचारले.

"ती परत पिशवीत घालूनच सामान तोललंय," मास्तर म्हणाले. "साडेसत्तावीसमध्ये आहेत. पंख्यापासून लांब हो."

पंखा फिरला, धावपट्टी मागे पडू लागली, आणि आठ वाजून एकावन्न मिनिटांनी चाके सुटली. मेहुण्यांनी हँगरच्या दारातल्या फळ्यावर नियमाप्रमाणे नोंद केली, या वेळी काहीही न वाढवता. माणसे दोन, वजन ५८७.५ किलो.