एका घरात दोन 'मी'

साठावा अंक शेवटचा, हे कोडेवाल्या बाईंनी ठरवून टाकलं होतं. वर्तमानपत्राने शब्दकोडं बंद केलं तेव्हा चिडून त्यांनी स्वतःचं मासिक पान सुरू केलं होतं. दर महिन्याला एक मोठं कोडं, मागे गेल्या वेळची उत्तरं. त्याला आता पाच वर्षं झाली. चौकट आखायची, शब्द बसवायचे, एक शब्द अडला की सगळा कोपरा खोडायचा, मग झेरॉक्सच्या दुकानात रांग, घड्या, पत्ते, तिकिटं. मनगट दुखून दुखून बधिर झालं होतं. त्यात महिन्याला एखाददुसरं पाकीट परत यायचं, 'घेणारा हयात नाही' असा शेरा घेऊन.

बाकीच्यांना छापील निरोप पुरला असता. एका माणसाला मात्र तोंडाने सांगायला हवं होतं. हे गृहस्थ दर महिन्याला न चुकता तांबड्या शाईत चुका लिहून पाठवत. सुरुवातीला बाईंचा तिळपापड व्हायचा. पुढे सवय झाली, आणि ते पत्र येईपर्यंत अंक पुरा झाल्यासारखा वाटेना.

रविवारी दुपारी बाई पत्ता शोधत गेल्या. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दार त्यांच्या सुनेने उघडलं. चाळिशीची, केस कसेबसे बांधलेले, खांद्यावर ओला टॉवेल.

"कोडेवाल्या बाई? तुम्ही?" ती दारातच थबकली. मग आत वळून ओरडली, "बाबा, मीठ-मिरचीवाल्या आल्यात!"

खिडकीशी खुर्चीत म्हातारे बसले होते. त्यांनी मान वळवली, पण नजर बाईंच्या कानावरून पलीकडे गेली. बाईंच्या लक्षात यायला क्षणभर लागला. म्हाताऱ्यांना दिसत नव्हतं.

"चार वर्षं झाली," ते म्हणाले. "ही वाचते, मी चौकट डोक्यात धरतो. बसा. गेल्या अंकातला नऊ बघितलात? आडवा 'मीठ', उभा 'मिरची'. एक मी दीर्घ, एक मि ऱ्हस्व. एका घरात दोघी कशा नांदतील?"

"चुकलंच," बाई म्हणाल्या. चार वर्षांची ती तांबडी अक्षरं सुनेची होती तर! बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती उभ्या उभ्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

बाईंनी चहा घेतला आणि मग एका दमात सांगून टाकलं. म्हातारे खुर्चीच्या हातावर बोटाने घरं मोजल्यासारखं काहीतरी करत राहिले.

"थकलात?"

"हो."

"मग बंद करा," ते म्हणाले. "थकलेल्या माणसाचं कोडं मला लगेच कळतं. गेले सहा महिने कळतंय. पत्रात लिहिलं नाही इतकंच."

बाईंना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तेवढीही ताकद नव्हती.

सून जिन्यापर्यंत सोडायला आली. दार ओढून घेत हळूच म्हणाली, "बाई, रागावू नका, पण बरं झालं. दिवसभर दुकानात उभी असते मी. घरी आले, चपलासुद्धा काढलेल्या नसतात, की 'आडवा सात वाच'. भाजी करपते, पण यांचा सात सुटत नाही. मी तुम्हाला किती शिव्या दिल्यात म्हणून सांगू!"

"मी पण द्यायचे," बाई म्हणाल्या. "तांबड्या शाईला."

दोघी कठड्याला टेकून हसल्या. हसता हसता सून पायरीवरच बसली, आणि बाईही तिच्याशेजारी बसल्या. बराच वेळ कुणीच उठलं नाही. उठून करायचं ते दोघींना ठाऊक होतं.

साठावा अंक गेला. पुढच्या महिन्यात बाई दुपारच्या झोपल्या, चष्म्याचा नंबर बदलून आल्या, पत्त्यांची वही माळ्यावर टाकली. करमत नव्हतं असं नाही. शीण मात्र जायला तयार नव्हता.

एका संध्याकाळी फोन वाजला.

"मी बोलतेय, तांबड्या शाईवाल्यांची सून. बाबांनी पहिल्या अंकापासून परत वाचायला लावलंय. म्हणतात, उत्तरं विसरलो. धादांत खोटं! सगळी पाठ आहेत, पण सांगत नाहीत. म्हणतात, आता तू सोडव." तिने दम घेतला. "पाचव्या अंकातला उभा तीन काय हो? 'दाराचा भार सोसते, तिच्याकडे कुणी बघत नाही.' चार अक्षरी."

बाईंच्या ओठावर उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"शेवटचं अक्षर काय आलंय?"

"री."

"मग बघा ना. आत्ता उभ्या कुठे आहात?"

"दारातच. आत्ताच येतेय कामावरून." पलीकडून मग दार हलवल्याचा आवाज आला, आणि ते कुरकुरलं. "बिजागरी!" सून एवढ्या जोरात ओरडली, की बाईंनी फोन कानापासून लांब धरला.