दिवा मालवला की भात लावायचा

चष्मा तिनंच करून दिला होता, म्हणजे आता बोंब तरी कुणाच्या नावानं मारायची?

गल्लीत सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. कोपऱ्यावरच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तिचं, आणि गल्लीतल्या निम्म्या नाकांवर तिच्याच हातचा माल. घरात मात्र सासू जुन्या, ओरखडलेल्या काचांतून जग बघत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिनं सासूचा नंबर काढून घेतला, चांगल्यातल्या काचा निवडल्या, कडा स्वतः घासल्या आणि चष्मा म्हातारीच्या नाकावर चढवला.

"अगं बाई!" म्हातारी म्हणाली. "तू एवढी वाळलीस कधी?"

दोघी खूप हसल्या. त्याच संध्याकाळी म्हातारी गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. तिथून तिनं आत हाक मारली, "सूनबाई, दिवा मालवला बघ. भात लाव."

चष्मेवालीच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

हे वाक्य या घरात एके काळी रोज ऐकू यायचं. म्हातारीचा मुलगा, म्हणजे चष्मेवालीचा नवरा, क्रेन चालवायचा. इमारत बांधताना आभाळात लांब हात पसरून उभी असते ना, ती. त्याचं शेवटचं काम घरासमोरच, दोन रस्ते सोडून चाललं होतं. अंधारून आलं की क्रेनच्या हातावरचा दिवा लागायचा, आणि हात फिरला की दिवाही आभाळातून सरकत जायचा. काम संपलं की तो दिवा मालवून खाली उतरायला लागायचा. आधी ती भली मोठी शिडी, मग कपडे बदलणं, मग दोन रस्ते चालणं. दिवा मालवताच भात शेगडीवर ठेवला, की झाकण काढायला स्वारी दारात हजर. फोन नको, निरोप नको. "माझ्या लेकाला गार भात कसा लागतो ते माहीतच नाही," असं म्हातारी येईल त्याला ऐकवायची.

आणि एक दिवस दिवा मालवलाच नाही.

जादा काम असेल म्हणून दोघी बसून राहिल्या. दिवा जळतोय म्हणजे माणूस कामात आहे, हे या घराचं गणित. त्यात काळजी करण्यासारखं काय होतं? दुसऱ्या कुठल्या घरानं उशीर झाला म्हणून फोन तरी केला असता. यांना तर डोळ्यांसमोर दिसत होता तो. प्रत्यक्षात तो केबिनमध्ये बसल्या जागीच गेला होता. हृदय थांबलं, संपलं. त्याला खाली आणेपर्यंत दिवा तसाच जळत होता.

म्हातारीनं तेव्हा सगळं पाहिलं, सगळं सोसलं. पुढे तिला विसर पडायला लागला. आधी गॅस बंद करायचा राहू लागला, मग वार विसरले, मग मुलगा गेल्याचंही विसरलं. त्याची आठवण निघाली तर "कामावर गेलाय" एवढ्यावर भागायचं. जुन्या काचांतून तिला आभाळात काही दिसत नव्हतं, तोवर सगळं झाकलेलं होतं. आता सुनेनंच हौसेनं झाकण उघडलं.

चष्मेवाली गॅलरीत आली तेव्हा आभाळ रिकामं होतं. क्रेनच्या जागी केव्हाच पुरी झालेली इमारत, आणि तिच्या खिडक्यांत परक्या लोकांचे दिवे.

"कुठं दिसला, आई?"

"आता कसा दिसेल? मालवला म्हणतेय ना मी! तू आत जा, तो उतरायला लागला असेल."

काय करणार? तिनं भात लावला. हातानं आपसूक तिघांपुरते तांदूळ काढले, ते पाण्यात पडल्यावर तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर घरी आली आणि सासूच्या खुर्चीमागे उभी राहिली. दिवस बुडून अंधार पडला होता. मावळतीकडून तो आला. आवाज नाही, लुकलुकणं नाही, विमानाचे असतात तसे लाल-हिरवे दिवे नाहीत. एकच पांढराशुभ्र दिवा, सावकाश, एका चालीनं वर चढला, त्या इमारतीच्या डोक्यावरून पुढे सरकला आणि भर आभाळात, ढग नाही की काही नाही, मंद होत होत मालवला.

चष्मेवालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या दिवशी मालवायचा राहिलेला दिवा आत्ता कुणीतरी मालवला, असंच तिला वाटलं. वाटलं म्हणजे काय, क्षणभर तिची खात्रीच झाली.

"भात," म्हातारी मागे न बघता म्हणाली.

पुढे तेच सुरू झालं. काही दिवस ओळीनं दिवा दिसायचा, मग कितीतरी दिवस पत्ता नसायचा, मग एखाद्या संध्याकाळी पुन्हा हजर. दिसला की भात. भात झाला की म्हातारी दाराकडे तोंड करून बसायची, आणि थोड्या वेळानं आपण कशासाठी बसलोय हेच विसरून जेवून घ्यायची. चष्मेवालीला भीती वाटायची. पण भीतीपेक्षा वाईट गोष्ट अशी, की तिलाही त्या संध्याकाळी आवडायला लागल्या. दिवा येण्याआधी ती केस विंचरायची. "काय हा वेडाबाईचा बाजार," असं आरशात स्वतःला म्हणायची आणि पुन्हा भांग सरळ करायची.

मग व्हायचं ते झालं. एका संध्याकाळी दुकानात गर्दी होती, तिला उशीर झाला. घरी आली तर दार सताड उघडं, घरात धूर, भाताचा कोळसा आणि म्हातारीचा पत्ता नाही. ती धावत सुटली. म्हातारी सापडली समोरच्या इमारतीच्या फाटकात, घरातल्या चपला उलट्या पायांत घालून. वॉचमन बिचारा घामाघूम झाला होता.

"म्हणतायत, माझा मुलगा वर आहे, त्याला खाली पाठवा," तो म्हणाला. "नाव विचारलं तर म्हणतात, सगळे ओळखतात त्याला. मी पार गच्चीपर्यंत जाऊन आलो हो!"

ही बातमी नणंदेपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? नणंद गाडी चालवायला शिकवायची, म्हणून घरात तिला मास्तरीण म्हणत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालचा दुसरा ब्रेक दाबायचा, हे तिचं काम. ही सवय ती घरातही सोडत नसे.

"वहिनी, तू तिच्या वेडाला खतपाणी घालतेयस," आल्या आल्या तिनं सुरुवात केली. "काल भात जळाला, उद्या घर जळेल. मी आईला माझ्याकडे नेते."

"तिला तिथलं काही ओळखीचं नाही. गोंधळून जाईल ती."

"आणि इथं काय होतंय?" मास्तरणीनं फोन पुढे केला. "हे बघ तुमचं भूत. आकाशातलं स्टेशन आहे ते, माणसं राहतात त्यात. त्याला दिवासुद्धा नाही. ऊन पडतं म्हणून चमकतं, पृथ्वीच्या सावलीत शिरलं की दिसेनासं होतं. कधी कुठून दिसणार तेही यात आधीच कळतं."

चष्मेवाली त्या पडद्याकडे बघत राहिली. तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट कुणीतरी घरातली वस्तू उचलून नेल्यासारखं झालं.

"आईला नेलंस तर त्याची वाट बघणारं इथं कुणी उरणार नाही," ती म्हणाली.

"तू आहेस की."

"मला माहीत आहे ना, तो येणार नाही ते. आईला माहीत नाही. म्हणून तर तो या घरात अजून यायचा आहे."

मास्तरीण उठली आणि खिडकी पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "ठीक आहे. आज तो दिवा दिसणार आहे. मी आईला खरं ते सांगते. समजलं आणि हे थांबलं, तर राहू दे तिला तुझ्याकडे. नाही थांबलं, तर मी तिला नेणार. मग रडायचं नाही."

चष्मेवालीनं मान हलवली. दुसरं तिच्या हातात काय होतं?

संध्याकाळी तिघी गॅलरीत बसल्या. दिवा आला.

"आला बघ," म्हातारी खुलली.

"आई, ते स्टेशन आहे. आकाशातलं. त्यात माणसं राहतात."

"राहतात? मग घरी जेवायला कधी येतात?"

"येत नाहीत. महिनोन्‌महिने येत नाहीत."

"अरे देवा! आणि त्यांच्या आया काय करतात तोवर?"

मास्तरीण एका दमात म्हणाली, "आई, दादा गेला. क्रेनवर बसल्या जागीच गेला. आपण सगळ्यांनी त्याला निरोप दिलाय. तो आता येणार नाही."

वर दिवा मंद झाला, मालवला. म्हातारीनं त्याच्याकडे बघितलंच नाही. तिनं आधी लेकीकडे बघितलं, मग सुनेकडे.

"खरं?" तिनं सुनेला विचारलं. लेकीवर तिचा विश्वास नव्हता असं नाही, पण हे विचारायचं माणूस सूनच होती.

"हो, आई," चष्मेवाली म्हणाली.

म्हातारीनं जो टाहो फोडला, तो शेजाऱ्यांनी दारं उघडण्याइतका मोठा होता. तिच्यासाठी तो आत्ता, या क्षणी गेला होता. "कधी? मला का नाही उठवलं?" ती विचारत होती. "कुणी होतं का त्याच्याजवळ?" आणि मग, सुनेचा हात घट्ट धरून, "जेवला होता का गं? का उपाशीच गेला माझा?"

याचं उत्तर दोघींनाही माहीत होतं.

रडून रडून ती झोपली तेव्हा मास्तरीण स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. "तेव्हासुद्धा ती इतकी रडली नव्हती, वहिनी."

"तेव्हा आपण तिघी मिळून रडलो होतो. आज ती एकटी आहे. आपलं रडून झालंय."

मास्तरीण घरी गेलीच नाही, आईच्या पायाशी आडवी झाली. सकाळी म्हातारी उठली. डोळे सुजून लाल झाले होते. चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला.

"सूनबाई, या काचांत काहीतरी दोष राहिलाय बघ. डोळे नुसते चुरचुरतात."

चष्मेवालीनं चष्मा घेतला, पदराच्या टोकानं बराच वेळ पुसला आणि परत दिला. "बघते हं, आई," ती म्हणाली. मास्तरीण तोंड धुवायच्या निमित्तानं आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.

त्या दिवशी दिवा लवकर आला, उजेड पुरता ओसरलाही नव्हता. तो इमारतीवरून पार पुढे गेला आणि उगवतीकडे खाली उतरता उतरता विझला.

"मालवला!" म्हातारी म्हणाली. "भात लाव गं. आणि ही आलीय आज, तिचाही धर."

चष्मेवालीनं नणंदेकडे बघितलं. रागानं नाही, पण बघितलं. ठरल्याप्रमाणे आता मास्तरणीनं बोलायचं होतं. एकदा सांगून समजलं नव्हतं. म्हणजे रोज सांगायचं, आणि रोज या बाईचा मुलगा नव्यानं मारायचा. नाहीतर तिला गाडीत घालून घेऊन जायचं.

"आई," मास्तरीण म्हणाली. "दादाला आज जरा उशीर होईल."

"तुला कोण म्हणालं?"

"तोच म्हणाला. येताना रस्त्यात भेटला होता."

"बरा आहे ना?"

"मजेत आहे. मला म्हणाला, तूही थांब, बरोबर जेवू."

इतकं बोलायची काही गरज नव्हती. आता यातून आपली सुटका नाही, हे चष्मेवालीला कळलं. आणि खरं सांगायचं तर तिला बरंही वाटलं. तिनं आत जाऊन चौघांचा भात लावला. या वेळी तांदूळ मोजताना हात चुकला नव्हता.

भात होत आला तेव्हा जिन्यात पावलं वाजली. जड, दमलेल्या माणसाची. तिघींच्या माना दाराकडे वळल्या. पावलं त्यांच्या मजल्यावर आली, दारापाशी जराशी थांबली, कुणीतरी दम घेतला. मग ती वरच्या मजल्याकडे निघून गेली. वर कुठंतरी कुलूप उघडलं, दार लागलं.

म्हातारी पुन्हा गॅलरीकडे वळली. मास्तरीण मात्र उठली, दारापाशी गेली, कडी काढली, दार हातभर उघडं करून ठेवलं आणि मांडलेल्या पानांसमोर परत येऊन बसली.